बालीच्या खेड्यातली ‘पंचवीस वर्षांची’ जागा: नाशिकमध्ये विकलं जाणारं पॅकेज कसं आहे?

पत्रकावर भातखाचरांच्या हिरव्या पायऱ्या, मधोमध निळा तरणतलाव, खाली ठळक अक्षरांत ‘25 + 25 वर्षं, हमखास 12 टक्के परतावा, मोजकेच प्लॉट शिल्लक’. गिरणारे-वाडीवऱ्हेकडचे फार्महाउस प्लॉट ज्या भाषेत विकले जातात तीच भाषा. फरक इतकाच की साइट व्हिजिटला त्र्यंबक रोडने नाही, मुंबईहून विमानाने जायचं. अशी पॅकेजं वेगवेगळ्या नावांनी फिरतात, म्हणून इथे कुणाचंही नाव न घेता त्या मालाचंच परीक्षण करतो. गाव म्हणून तबानान किंवा सिदेमेनकडची खेडी दाखवली जातात. तबानान म्हणजे बालीचं भाताचं कोठार, सिदेमेन म्हणजे आगुंग पर्वताच्या कुशीतलं विणकरांचं खोरं. गावाला आमच्याकडून पाचपैकी चार. कागदाला, तो जसा विकला जातो तसा, एक.

आधी मोजमाप, कारण पहिला गोंधळ तिथेच होतो. बालीत आणि शेजारच्या लोंबोक बेटावर जमीन ‘आरे’मध्ये मोजतात. हा आपल्या सातबाऱ्यावरचाच आर: 100 चौरस मीटर. गुंठा 101.17 चौरस मीटरचा, म्हणजे डोळे झाकून एक आर म्हणजे एक गुंठा धरला तरी चालतं. पण भाडेपट्ट्याचा भाव सांगतात तो आरला, आणि तोही दर वर्षाला. ‘पंधरा जुता’ हे ऐकून माणूस एका गुंठ्याची किंमत समजतो. जुता म्हणजे 10 लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन), मिलियार म्हणजे 100 कोटी. उदाहरणापुरतं 15 जुता धरू. तीन आर जागा 25 वर्षांसाठी घेतली तर 15 गुणिले 3 गुणिले 25, म्हणजे 1,125 जुता. एका भारतीय रुपयाला साधारण 185 रुपिया धरले तर हे 60 लाखांच्या पुढे जातं, आणि सगळे पैसे पहिल्याच दिवशी मोजायचे असतात. बांधकामाचे वेगळे.

आता हे 60 लाख नेमके कशाचे? इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाला तीन वाटा आहेत. पहिली ‘हाक पाकाई’, वापराचा हक्क: 30 वर्षं, मग 20 ची मुदतवाढ, मग 30 चं नूतनीकरण. पण त्यासाठी तिथल्या वास्तव्याची कागदपत्रं लागतात, आणि बालीत घराची किमान किंमत 500 कोटी रुपिया, म्हणजे अंदाजे 2 कोटी 70 लाख रुपये, असावी लागते. पॅकेजवाला या वाटेचं नाव काढत नाही. दुसरी, परकीय गुंतवणुकीची कंपनी काढून तिच्या नावावर बांधकामाचा हक्क घेणं. त्या कंपनीचा गुंतवणूक आराखडा 1,000 कोटी रुपियांहून मोठा दाखवावा लागतो. राहिला तिसरा, साधा भाडेपट्टा. पत्रकातले ‘25’ ते हेच.

पुढच्या ‘+ 25’वर मात्र बोट ठेवून विचारा: त्या वेळी दर काय? बहुतेक मसुद्यांत ‘तेव्हाच्या बाजारभावाने, परस्पर संमतीने’ असं एक वाक्य असतं. त्या वाक्याचा अर्थ, मूळ मालक किंवा त्याची मुलं नको म्हणाली की विषय संपला. मुदतवाढ हवीच असेल तर दराचं सूत्र आजच्या करारात आकड्यांत लिहून घ्यावं लागतं. दराचा आकडा नसेल तर ती मुदतवाढ निव्वळ शोभेची.

चौथी वाटही सांगितली जाते, हळू आवाजात, चहाच्या वेळी. स्थानिक माणसाच्या नावावर हाक मिलिक घ्या, आणि त्याच्याकडून कर्जरोखा, मुखत्यारपत्र, न विकण्याची हमी लिहून घ्या. नाशिककराला हा प्रकार नवा नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी भागात आदिवासी खातेदाराच्या जमिनीबाबत जमीन महसूल संहितेची कलमं 36 आणि 36 अ काय करतात हे इथल्या कुठल्याही वकिलाला विचारा. बालीतला बेनामी व्यवहार त्याहून महागात पडतो. त्याच 1960 च्या कायद्याच्या कलम 26 नुसार आडमार्गाने परदेशी माणसाला मालकी देणारा व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. नाव देणारा माणूस भला असला तरी तो मेला, त्याचा घटस्फोट झाला किंवा त्याच्यावर कर्ज झालं की त्याचे वारस आणि सावकार तुमच्या व्हिलाच्या दारात येणार. ही वाट सुचवणाऱ्याकडून पुढे काहीही घेऊ नये.

भाडेपट्टा घ्यायचाच ठरला तर कागद कसे पाहायचे? सातबारा-फेरफार वाचायची सवय इथे कामाला येते. मालकाकडे ‘सर्टिफिकात हाक मिलिक’ असलं पाहिजे, आणि भूमी कार्यालयात, म्हणजे बीपीएनमध्ये, त्याची पडताळणी नोटरीमार्फत करून घ्यायची. बोजा, गहाण, वाद तिथे कळतो. तिथला नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर शिक्का मारणारा नोटरी नव्हे. तो सरकारने नेमलेला, कायद्याचा पदवीधर अधिकारी असतो आणि दस्त तोच तयार करतो. म्हणून नोटरी विक्रेत्याने सुचवलेला नसावा, फी तुम्ही द्यावी. दस्तावर मालकासोबत त्याच्या जोडीदाराची सही हवी, आणि जमीन वडिलोपार्जित असेल तर सगळ्या वारसांची. बालीत हे फार नडतं, कारण घराण्याची जमीन, घराण्याचं देऊळ आणि वारस यांचा गुंता आपल्या सामायिक खात्यासारखाच असतो. करार इंडोनेशियन भाषेत असणं सक्तीचं आहे. सोबत इंग्रजी चालतं, पण वाद झाला तर कुठली प्रत ग्राह्य धरायची हे त्यात लिहा. पट्टा दुसऱ्याला देण्याचा हक्क, तुमच्या मृत्यूनंतर वारसांचा हक्क आणि भाड्यावरचा 10 टक्के अंतिम कर कोणी भरायचा, ही तीन वाक्यं नसतील तर सही करू नका. कराचं वाक्य वगळलेलं असतं तेव्हा तो बोजा हमखास घेणाऱ्याच्या अंगावर येतो.

एक दिलासा आहे. तिथल्या दिवाणी संहितेच्या कलम 1576 प्रमाणे मालकाने जमीन विकली म्हणून आधीचा भाडेपट्टा मोडत नाही.

जावातल्या खेड्यात स्वस्त जागा दाखवली तर आणखी दोन शब्द लक्षात ठेवा. एक ‘गिरिक’ किंवा ‘लेटर सी’: ही गावच्या दप्तरातली जुनी करनोंद, मालकीचा दाखला नव्हे. 2021 च्या नियमांनी अशा कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली होती, ती फेब्रुवारी 2026 ला संपली. दुसरा ‘बेंगकोक’: गावच्या कारभाऱ्यांना पगाराऐवजी कसायला दिलेली गावची जमीन. आपल्याकडची पाटीलकी-वतनाची जमीन आठवा. ती विकता येत नाही, आणि सरपंच स्वतः ‘माझीच आहे’ म्हणाला तरी येत नाही.

कागद चोख असले तरी जमीन चुकीच्या रंगात असू शकते. नकाशावर हिरवा पट्टा असेल तर तिथे शेतीच करायची. 2009 च्या कायद्याने संरक्षित भातशेतीवर बांधकामाला बंदी आहे, आणि पत्रकावरचा तो सुंदर पायऱ्यांचा देखावा बहुतेक वेळा याच पट्ट्यात येतो. नजर हिरव्या पट्ट्यावर आणि घर त्याच्या कडेला, असं असेल तर ठीक. घर पट्ट्यातच असेल तर बांधकाम परवाना, म्हणजे ‘पेबेगे’, मिळणार नाही. ‘सगळेच बांधतात’ या उत्तराला काही किंमत नाही. जुलै 2025 मध्ये उलुवातूजवळच्या बिंगिन किनाऱ्यावर सरकारने विनापरवाना हॉटेलं आणि व्हिला पाडले तेव्हा ती वर्षानुवर्षं चालू होती. परवान्याशिवाय बंगला बांधणाऱ्याला इथे जे उत्तर मिळतं तेच तिथे मिळतं, फक्त तिथे अपिलाला धावणारा आमदार ओळखीचा नसतो.

पाण्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण गावाशी पहिलं भांडण पाण्यावरून होतं. बालीची भातशेती ‘सुबक’ या पद्धतीने भिजते. बागलाणातल्या माणसाला ही वेगळी समजावावी लागत नाही. मोसम-आरमच्या काठची फड पद्धत तीच: नदीला बंधारा, त्यातून पाट, पाटावर पाटकरी, कोणी कधी किती पाणी घ्यायचं ते फडाने ठरवायचं. सुबकचा प्रमुख ‘पेकासेह’, आणि पाणी सोडायचा मुहूर्त पाण्याच्या देवळाशी बांधलेला. 2012 मध्ये युनेस्कोने या पद्धतीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आता यात व्हिला कुठे अडकतो ते पाहा. प्लॉटच्या कडेने हातभर रुंदीची एक चारी जाते. कंत्राटदार कुंपणाची भिंत बांधताना ती बुजवतो किंवा सिमेंटचा पाइप टाकून अरुंद करतो. खालच्या तीन खाचरांत पाणी पोचत नाही. किंवा सेप्टिक टँकचा वरचा निचरा गुपचूप त्याच चारीत सोडलेला असतो आणि लावणीच्या वेळी बायका गुडघाभर त्या पाण्यात उभ्या असतात. तक्रार पोलिसात जात नाही. गावच्या सभेत जाते, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या बांधकामाचा ट्रक गावच्या रस्त्यावरून आत येत नाही. प्लॉट पाहायला जाल तेव्हा चारी कुठून येते, कुठे जाते ते पायी चालून पाहा आणि पेकासेहला भेटा. ही भेट घडवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर कारण बहुधा त्या चारीतच असतं.

सभा म्हणजे ‘बांजार’. वाडी-वस्तीइतकं एकक, पण अधिकार ग्रामपंचायतीच्या वरचढ. सागवानी किंवा फणसाच्या पोकळ लाकडाचा घंटेसारखा ‘कुलकुल’ वाजला की लोक जमतात, ठोक्यांच्या चालीवरून मयत आहे की सभा ते कळतं. बाहेरून आलेल्या रहिवाशाने वर्गणी द्यायची, ती किती ते बांजार ठरवतं. वर्गणी वेळेवर द्या, मयताला जा, रस्ता अडवून मिरवणूक निघाली तर हॉर्न वाजवू नका. एवढं केलं तर शेजार अतिशय प्रेमळ. न्येपीच्या, म्हणजे बालीच्या नववर्षाच्या, दिवशी चोवीस तास दिवा नाही, घराबाहेर पाऊल नाही, विमानतळसुद्धा बंद. गालुंगान हा मोठा सण दर 210 दिवसांनी येतो, म्हणजे काही वर्षी दोनदा, आणि त्या आठवड्यात गवंडी-सुतार कामावर येणार नाहीत हे वेळापत्रकात आधीच धरा.

रोजचं जगणं आम्हाला आवडतं ते यासाठी की ते खरंच खेड्याचं आहे. बाजार पहाटे भरतो, ऊन चढेपर्यंत आवरलेला असतो. भात काढला की खाचरात बदकांचे थवे सोडतात, ती किडे आणि सांडलेले दाणे टिपतात. शांतता शोधत जाणाऱ्यांनी मात्र नीट ऐकून घ्यावं: कोंबडे पहाटे तीनपासून, रात्री गामेलानचा, म्हणजे घंटा-झांजांच्या वाद्यवृंदाचा, सराव, आणि रस्त्यावरची कुत्री. बालीत 2008 पासून रेबीज आहे. कुत्रा चावला तर जखम पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी लस. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, म्हणजे ‘पुस्केसमास’मध्ये, किरकोळ आजाराची सोय होते. मोठं काही झालं तर बालीची राजधानी देनपासार गाठावी लागते, हे पासष्टीच्या पुढच्यांनी हिशेबात धरावं.

वीज 220 व्होल्ट, त्यामुळे मिक्सर-कुकर सगळं चालतं, पण आपली तीन पिनांची गोल प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. खेड्यातल्या घरांत बहुधा प्रीपेड मीटर असतो. दुकानातून किंवा ॲपवरून टोकन घ्यायचं, वीस आकडे येतात, ते मीटरच्या बटणांवर एकेक करून दाबायचे. युनिट संपत आले की मीटर पिं पिं करू लागतो आणि तो आवाज बंद होत नाही. घर दाखवताना मीटरवर किती व्हीए (वीजभाराची मर्यादा) लिहिलंय ते पाहा. 1,300 असेल तर एसी, गिझर आणि पाण्याची मोटर एकाच वेळी चालणार नाहीत, खटका पडेल. 2,200 ला निभतं. तरणतलावाचा पंप असेल तर आणखी लागतं. पिण्याचं पाणी 19 लिटरच्या जारचंच.

शाकाहारी माणसाची कसोटी सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, लागते. त्यातला खमंगपणा बहुतेक वेळा ‘तेरासी’चा असतो, म्हणजे कोळंबीच्या आंबवलेल्या गोळ्याचा, आणि ‘भाजीच आहे’ असं दुकानदारीण मनापासून सांगते कारण तिच्या लेखी ती भाजीच. ‘तान्पा तेरासी’ (तेरासीशिवाय) हे दोन शब्द पाठ करा. शेंगदाण्याच्या रश्शातल्या पेचेललाही हाच प्रश्न विचारा, आणि कुरकुरीत पापडासारख्या कृपुकमध्ये कोळंबी असतेच असं धरून चाला. टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू कुठेही, ताजे, स्वस्त. घरी शिजवणाऱ्याची अडचण होत नाही. नारळ, हळद, आलं, मिरची, तमालपत्रासारखी वापरायची सालामची पानं, सगळं बाजारात. गोडा मसाला आणि हिंग मात्र इथूनच न्या.

बांधकामाबद्दल थोडक्यात. हा भूकंपाचा पट्टा आहे, शेजारच्या लोंबोकमध्ये 5 ऑगस्ट 2018 ला 6.9 रिश्टरचा धक्का बसला होता. गिलावा होण्याआधीचे फोटो मागा: जोत्याची तुळई (‘स्लोफ’), कोपऱ्यांचे खांब आणि भिंतीवरची फिरती तुळई (‘रिंग बाल्क’) एकमेकांत बांधलेली दिसली पाहिजेत. गवती छप्पर फोटोत देखणं, पण वाळवी आणि बुरशी त्यावर जगतात आणि काही वर्षांनी ते बदलावंच लागतं. तो खर्च कुठल्याच पत्रकात नसतो. आगुंगच्या बाजूला घेत असाल तर धोक्याच्या पट्ट्यांचा नकाशा पाहा. नोव्हेंबर 2017 च्या राखेने विमानतळही बंद पडला होता.

‘12 टक्के’ इथे कोसळतात. पर्यटकांना रोजाने घर देण्याचा ‘पोंडोक विसाता’ परवाना फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळतो. परदेशी माणसाला त्यासाठी वर सांगितलेली कंपनी लागते. पर्यटक व्हिसावर जाऊन स्वतः पाहुणे सांभाळणं म्हणजे विनापरवाना काम, त्याची शिक्षा हद्दपारी. परतावा मोजताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. 60 लाखांचा पट्टा आणि 50 लाखांचं घर मिळून 1 कोटी 10 लाख घातले, आणि 25 वर्षांनी जमीन घरासकट मालकाकडे गेली, तर दर वर्षी 4 लाख 40 हजार नुसते विरघळतात. आधी ते भरून निघायला हवेत, मग नफ्याची भाषा. पंधरा वर्षांनी हा पट्टा विकायला काढाल तेव्हा घेणारा तुमच्याकडून उरलेली दहाच वर्षं विकत घेणार. सिंहस्थाच्या तोंडावर नाशिकच्या प्लॉटचे भाव वाढले या अनुभवावरून इथला हिशेब करू नये, प्लॉटची मुदत संपत नाही.

पैसे पाठवायचा रस्ता एकच: बँकेतून, उदारीकृत प्रेषण योजनेखाली, माणशी आर्थिक वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत. 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते. 1 कोटी 10 लाख एकाच वर्षात पाठवले तर 20 लाख आधी अडकतात. ते विवरणपत्रात वळते होतात, पण तोवर तुमच्या खिशात नसतात. रुपयाचे डॉलर, डॉलरचे रुपिया, असे दोनदा बदलताना दोनदा घट. दर वर्षी विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ही नोंद करा. ती चुकली तर काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. ‘इथेच रोख द्या, तिथे आम्ही भरतो’ असं कोणी म्हणालं तर तो परकीय चलन कायद्याचा भंग आहे, आणि तुमच्याकडे पैसे दिल्याचा पुरावाही राहत नाही. मुखत्यारपत्र पाठवायचं असेल तर नुसती नोटरी चालत नाही. मंत्रालयातून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा साक्षांकनाचा शिक्का.

ज्यांना गाव हवंय त्यांनी आधी भाड्याने राहावं. खेड्यात घर वर्षाच्या ‘कोंत्राक’वर मिळतं, भाडं आगाऊ. आगमनावर मिळणारा व्हिसा 30 दिवसांचा, एकदा 30 नी वाढतो, आणि मुदत ओलांडली तर दिवसाला 10 लाख रुपिया दंड. पोचल्यावर चोवीस तासांत गावच्या प्रमुखाकडे नोंद करायची, वेशीवर पाटीच असते: ‘तामु 1×24 जाम वाजिब लापोर’. एक पावसाळा, म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिलमधले दोन महिने, राहून पाहा. छप्पर, चारी, रस्ता आणि शेजार या चारही गोष्टी तेव्हाच दिसतात. उन्हाळ्यातली साइट व्हिजिट काहीच दाखवत नाही.

आणि बयाणा देऊन बसला असाल तर: पावती कोणाच्या नावाची, पैसे कोणाच्या खात्यात गेले हे आधी काढा. लेखी पत्राने प्रमाणपत्राची प्रत, बीपीएनची पडताळणी आणि पट्ट्याचा पूर्ण मसुदा मागा, पंधरा दिवसांची मुदत द्या. महारेराकडे जाऊन उपयोग नाही, तो कायदा परदेशातल्या प्रकल्पाला लागत नाही. पण सेवा नाशिकमध्ये विकली गेली आहे, त्यामुळे 50 लाखांपर्यंत मोजले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. पत्रक, व्हॉट्सॲपवरचं ‘हमखास’ हे आश्वासन आणि बँकेचा उतारा जपून ठेवा. संभाषण फोनमधून उडण्याआधी त्याची छापील प्रत काढून घ्या.